घासलेली नळी

दि. ३ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे

ती. मामांस,
नमस्कार.

दूध तापत ठेवून, आईच्या खोलीचे दार ओढून घेऊन हे पत्र लिहायला बसलो आहे. तुम्ही मला ओळखणार नाही. मी तुमच्या बहिणीचा मुलगा. बाबा गेले तेव्हा चार वर्षांचा होतो, आता तेविसावे पूर्ण झाले. शाळा आठवीत सुटली. तराजू आणि वजने दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला आहे. शुद्धलेखन सांभाळतो, तरी चूक दिसल्यास माफ करावी.

आई फार आजारी आहे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "आता पथ्य सोडा, तिला काय हवं-नको ते बघा." तिला काय हवे ते मला माहीत आहे. ग्लानीत असली की ती "दादा, दार उघड ना" असे म्हणते. शुद्धीवर आली की गोष्ट वेगळी. मी एकदाच विचारले, मामांना बोलावू का? म्हणाली, "ज्यानं माझ्या नवऱ्याच्या हातात मरण दिलं, त्याला माझ्या उशाशी आणलंस तर औषध मोरीत ओतीन." ओतीलही. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

मला ठाऊक आहे ते एवढेच. बाबा लाकडाच्या वखारीवर पहारेकरी होते. मालकाने दिलेले जुने रिव्हॉल्व्हर तुमच्या दुकानात दुरुस्तीला होते. ते घरी आले आणि बाबांनी पहिल्यांदा उडवले तेव्हा त्यांच्या हातातच फुटले. चौकशीत तुम्ही "चूक माझी" म्हणालात. तुमचा परवाना गेला, दुकान गेले, आणि आपले येणे-जाणे संपले.

चौकशीनंतर परत मिळालेले ते रिव्हॉल्व्हर आईच्या ट्रंकेच्या तळाशी आहे. परवा मी ते बाहेर काढले. शेजारचे काका सांगतात की मालकाकडे अशी दोन होती. मग हे तुमच्या हातून गेलेलेच नसेल तर? अदलाबदल झाली असेल तर? नळीवर खुणा आहेत, पण फार झिजल्या आहेत. तुम्ही दुरुस्त केलेल्याच्या खुणा तुम्हाला आठवत असतील. त्या आणि या जुळल्या नाहीत, तर मी आईपुढे ठेवीन. मग ती तुम्हाला स्वतः बोलावील. म्हणून हा खटाटोप.

मला दिसते ते असे: नळी आठ पैलूंची. मुळाजवळ डावीकडे फाटलेली. वरच्या पैलूवर अक्षरांची ओळ, वाचता येत नाही. उजव्या पैलूवर अंडाकृती ठसा, त्यात बसलेली गाय असावी. खाली आकडे, पहिला ४, पुढचा १ किंवा ७, त्यापुढे काही दिसत नाही.

कृपया लवकर कळवावे.

आपला भाचा


दि. ९ फेब्रुवारी

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

गाय? बंदुकीवर गाय कोण ठोकतो रे गाढवा? तो मुकुट आहे. झिजून बसका झालाय म्हणून तुला गाय दिसली. त्याच्या खाली दोन अक्षरं असतील. कारखान्यात नळीत दुप्पट दारू भरून बार काढायचे, नळी टिकली तर तो मुकुट ठोकायचे. म्हणजे जन्मली तेव्हा धडधाकट होती, एवढाच त्याचा अर्थ.

बाकी तुझा खटाटोप फुकट आहे. रिव्हॉल्व्हर तेच. काम माझ्या हातचं. चूक माझी होती, मी ती तेव्हाच सांगितली, आता पुन्हा उकरण्यात काही नाही. ट्रंकेत ठेव आणि आईजवळ बस.

तिला पाणी मोजून देत असतील. ओठांना साय लाव, फुटतात. लहानपणीही हिवाळ्यात तिचे ओठ फुटायचे आणि लावू द्यायची नाही, चावायची.

या विषयावर पुन्हा लिहू नको.

मामा

ता. क. दिवा डोक्यावर धरून बघत असशील. तसं काही दिसणार नाही. दिवा आडवा ठेव, नळीच्या पातळीला. झिजलेली खूण उजेडात वाचता येत नाही, सावलीत वाचायची असते.


दि. १६ फेब्रुवारी, दुपारची सुट्टी, दुकानात

ती. मामांस,
नमस्कार.

लिहू नको म्हणालात, पण शेवटी दिवा कसा धरायचा तेही तुम्हीच सांगितलेत. त्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ घेतला.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले. मुकुट निघाला. माफी असावी. मग आमच्या दुकानात जुन्या वजनांवरचे शिक्के वाचायला करतात तसे केले. नळीला काजळी लावली, वरची पुसून घेतली, खोलगट भागात राहिली त्यावर ओलसर पातळ कागद दाबला. ठसे सोबत आहेत. आकडा ४१७३ असावा. वरच्या ओळीतले शेवटचे चार शब्द मला लागत नाहीत.

आईला आवाज गेला. "काय घासतोयस रे?" मी म्हणालो, दुकानातले वजन आणले आहे. तर म्हणते, "मग नीट घास. मधेच थांबतोस ते ऐकू येतंय मला." अंथरुणातून तिचे हेच चालू असते. काल डॉक्टर इंजेक्शन देत होते आणि ही मला सांगते, "मोरीचा नळ काळवंडलाय, डॉक्टर काय म्हणतील?" डॉक्टर म्हणाले, "मी नळ तपासायला आलेलो नाही." तरी मला तो घासावा लागला, त्यांच्यासमोर. साय लावली. चावली.

आकडा जुळतो का, एवढे सांगा. नसेल जुळत, अशी माझी फार आशा आहे.

आपला भाचा


दि. २४ फेब्रुवारी

चि. भाच्यास,
आशीर्वाद.

जुळतो. ४१७३. मी विसरणं शक्य नाही. मालकाचं दुसरं रिव्हॉल्व्हर पितळी मुठीचं आणि गोल नळीचं होतं, तेव्हा शेजारच्या काकांना म्हणावं, गप्पा मारायला दुसरा विषय शोधा.

तुझे ठसे मात्र चांगले आलेत. हात स्थिर आहे तुझा. माझ्यानं आता सुईत दोरा ओवला जात नाही. शिलाई मशिनं दुरुस्त करतो, तीही चष्म्यावर चष्मा लावून. वरच्या ओळीत कारखानदाराचं नाव आहे आणि पुढचे चार शब्द म्हणजे त्याच्या गल्लीचा पत्ता. त्या पत्त्यावर तो कारखाना फार थोडी वर्षं होता, त्यावरून काळ ठरतो. हे तुझ्या पणजोबांच्या वेळचं आहे. धूर काढणाऱ्या काळ्या दारूसाठी घडलेलं, नरम लोखंडाचं. शोभेला ठेवायची वस्तू.

आता ओळख पटली, तुझं समाधान झालं. विषय संपला.

आणखी ठसे घेऊ नको. नळीच्या मुळाशी तर बोटही लावू नको. तिथं फाटलेली कड धारदार आहे, हात कापेल आणि धनुर्वात होईल. आईला तुझी गरज आहे.

ती माझ्याबद्दल शुद्धीत काही बोलते का? शिव्या असल्या तरी लिही.

मामा


दि. २ मार्च, सकाळी पावणेसात

ती. मामांस,
नमस्कार.

शिव्या आहेत. परवा म्हणाली, "तुझ्या मामाला बायको गेल्यावर स्वयंपाक कोण करत असेल? जळकं खात असेल मेला." ही शिवी धरावी की नाही ते तुम्ही ठरवा.

आता जे लिहितो त्याने तुम्ही रागवाल. तुम्ही माझ्या हाताची एवढी काळजी केलीत की रात्रभर माझ्या डोक्यात तेच. कापायचेच असते तर पहिल्याच दिवशी कापले असते. म्हणून मी हातमोजा घालून मुळाशी पाहिले.

आधी झिजेबद्दल सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातले आहे. चामड्याच्या म्यानात राहून हत्यार झिजले तर तोंडाकडे आणि कडांना झिजेल, असे मला वाटते. ही नळी सगळीकडून सारखी झिजली आहे. आठही पैलूंवर केसासारखे आडवे ओरखडे आहेत. खाली जी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ढकलायची दांडी आहे, तिच्या मागे बोट पोचत नाही, आणि तिथे लोखंड काळे, जुने, कोऱ्या धारेचे आहे. आमच्याकडे असे वाणी येतात. पितळी वजने रोज घासून लख्ख ठेवतात आणि मग निरीक्षक दंड करतो, कारण घासून घासून वजन भरत नाही. बिचारे शपथेवर सांगतात की आम्ही फसवले नाही, स्वच्छ ठेवले. ही नळी तशी झिजली आहे. वापराने नव्हे. हाताने घासून.

मुळाशी काजळी लावली तेव्हा दोन रेषा आल्या. अगदी बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या. फुली. ठसा सोबत आहे.

मामा, कारखानदार आपल्या मालावर फुली मारणार नाही. ती तुम्ही मारली असणार. माझी समजूत अशी की तुमच्या दुकानात फुली म्हणजे नापास, गोळी भरू नये. तसे असेल तर तुम्ही दोषी नाही. तुम्ही इशारा दिला होता आणि तो कोणीतरी घासून काढला. बाबांनीच का? जुनी वस्तू चांगली दाखवून विकायची असेल? वडिलांबद्दल असे लिहिताना बरे वाटत नाही. पण जिवंत माणसाचा न्याय आधी.

डॉक्टर काल फार वेळ बोलले नाहीत. मी आईला सगळे सांगणार आहे. तुमचे उत्तर येईपर्यंत थांबतो, पण फार थांबता येणार नाही.

आपला भाचा


दि. ६ मार्च

बाळा,

सांगू नको. आधी हे पूर्ण वाच.

फुली माझी. अर्थ तू बरोबर लावलास. आमच्या भागातला प्रत्येक हत्यारवाला ती ओळखायचा. गोळी भरण्याआधी नळीचं मूळ बघायचं, फुली नसली की बिनधास्त भरायची. त्या नळीला आतून तडा होता. तडा गेलेल्या लोखंडावर हातोडा मारत नाहीत, वाढतो. म्हणून ठोकण्याऐवजी मी सळईच्या टोकानं हलकी फुली ओढली.

त्या आठवड्यात मी सामान आणायला बाहेरगावी होतो. धाकटी, म्हणजे तुझी आई, दुकानी आली आणि तुझ्या मामीनं कापडात गुंडाळून रिव्हॉल्व्हर तिच्या हाती दिलं. मामीला त्यातलं काही कळत नव्हतं. दुकान मी धाकटीच्या लग्नानंतर टाकलं, तिलाही खुणा माहीत नव्हत्या. मी परत आल्यावर निश्चिंत होतो. तुझे बाबा फुली ओळखत होते ना. ते तेव्हा वखारीच्या दूरच्या डेपोवर होते, तीन महिन्यांनी घरी यायचे होते.

तीन महिने ती वस्तू तुझ्या आईच्या घरात होती. आता तूच सांग काय झालं असेल. नळ काळवंडलेला जिला चालत नाही तिला.

चौकशीच्या टेबलावर मी ते पाहिलं. फाटलेलं, रक्ताचं, आणि बाकी सगळं चांदीसारखं लखलखत. धाकटीचा हात फिरलेली वस्तू मी आंधळा झालो तरी ओळखीन. लहानपणी तिनं आमच्या दाराची कडी घासून घासून निम्मी केली होती. नवरा येणार म्हणून तिनं चमकवून ठेवलं. त्यानं मूळ पाहिलं, फुली नाही, मेहुण्यानं पास केलं म्हणून गोळी भरली. माझ्यावर भरवसा होता म्हणून भरली.

मी "फुली मारली होती" म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न काय आला असता? कुणी पुसली? तुझ्या बाबांचे भाऊ समोर बसले होते. त्यांनी तिला खुनी ठरवलं असतं, आणि तू चार वर्षांचा. आणि तसं झालं नसतं तरी तिला कळलं असतं. मी म्हटलं, मी तपासायला विसरलो. परवाना गेला तर गेला. बहीण रागावलेली चालेल, मोडलेली नको.

एवढी वर्षं हे निभावलं. आता शेवटच्या चार दिवसांत तू ते तिच्या छातीवर ठेवू नको. मला बोलावलं नाही तरी चालेल. मी इथं बसून तिचं चांगलं चिंतीन.

ठसा जाळून टाक. तुझ्या बाबांबद्दल जे लिहिलंस ते मनातून काढ. सरळ माणूस होता.

मामा


दि. १९ मार्च

चि. भाच्यास,

तुझं पत्र नाही. रागावलास? की सांगितलंस? काहीही असो, एक ओळ लिही. ती आहे ना?

पोस्टमन माझ्याकडे न बघता पुढे जातो आता. मीच काल त्याला म्हटलं, "बाबा, नसलं तरी थांबत जा."

मामा


दि. २३ मार्च, पहाटेचे साडेपाच, आई झोपली आहे

ती. मामांस,
नमस्कार.

आई आहे.

लिहायला उशीर झाला कारण काय लिहावे ते कळत नव्हते. चार वेळा सुरुवात केली.

मी तुमचे ऐकायचे ठरवले होते. निम्मे. मला तुम्ही इथे हवे होतात आणि तिला कळायलाही नको होते, म्हणून मी मधला मार्ग काढला. ठरवले की सांगायचे, नळी काळ्या दारूसाठी होती, बाबांनी नव्या दारूची काडतुसे भरली म्हणून फुटली, मामांची चूक नाही, कुणाचीच नाही. दुकानातून येताना सगळी वाक्ये पाठ केली.

तिला उशी लावून बसवले आणि म्हणून दाखवले. ती ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "पाढे म्हणतोयस का?" मग म्हणाली, "आण बघू ते इकडे."

मी आणले. न आणता कसे चालले असते? तिने मांडीवर घेतले. तिच्या हातात आता जोर नाही, पण तिने अंगठा सरळ नळीच्या मुळावर नेला. म्हणाली, "इथं एक डाग होता. किती घासला! विटेची पूड, तेल, काय नि काय. शेवटी गेला. तुझे बाबा येणार होते ना."

मी म्हणालो, "गंज असेल."

"गंज फुलीसारखा पडतो?"

मी म्हणालो, "कारखान्याची खूण असू शकते. जुन्या हत्यारांवर अशा विविध प्रकारच्या खुणा आढळतात."

"खोटं बोलताना पुस्तकासारखा बोलतोस. लहानपणापासून. माझ्याकडे बघून सांग."

मामा, मी तिच्याकडे पाहिले. मी शपथेवर सांगतो की एक शब्दही बोललो नाही. तरी तिला कळले. तुम्ही म्हणता ना, खूण सावलीत वाचायची, तसे माझ्या तोंडावर वाचले असेल.

मग विचारले, "दादाला माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"कधीपासून?"

"चौकशीच्या टेबलावर पाहिल्यापासून."

"आणि वहिनी गेली तेव्हा त्यानं माणूस पाठवला होता मला न्यायला," ती म्हणाली. "मी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही."

मी लगेच म्हणालो, आता बोलावतो मामांना, आजच तार करतो. तर एवढ्या मोठ्याने "नको" म्हणाली की शेजारच्या काकू दारात आल्या. "नको. काय तोंड दाखवू मी त्याला?"

तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे. औषध घेते, ओतत नाही. बोलत नाही. माझ्यावर रागावलेली नाही, हेच मला सहन होत नाही. नळावर आठवडाभराचे डाग बसले आहेत आणि तिने एकदाही विचारले नाही. परवा मी मुद्दाम तिच्या समोर तांब्या घासायला घेतला, की काही तरी बोलेल, नीट घास म्हणेल. तिने कानावर हात ठेवले.

आधी तिला तुमचे तोंड पाहायचे नव्हते. आता तुम्हाला आपले दाखवायचे नाही. मी दोन महिने राबून एवढेच केले. तुम्ही एवढी वर्षे जे सांभाळलेत ते मी काजळी लावून उघडे पाडले. मी फक्त तुम्हाला निर्दोष ठरवायला निघालो होतो. माफी मागण्याइतका मोठा मी नाही, म्हणून मागत नाही.

ती ग्लानीत अजून "दादा, दार उघड" म्हणते. काल तीनदा म्हणाली. डॉक्टर म्हणाले, कोणाला कळवायचे असेल त्यांना कळवा.

तिने बोलावलेले नाही आणि बोलावणारही नाही. तरी तुम्ही या. तिकिटाचे पैसे सोबत आहेत, एकाच बाजूचे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटे आहे, विचारायचे झाल्यास तराजूवाल्याच्या मागची गल्ली विचारा. दार नुसते लोटलेले असेल, वाजवू नका. मला हाक मारू नका. सरळ आतल्या खोलीत जा.

मी तिची खाट भिंतीपासून दोन हात अलीकडे ओढली आहे. तिने विचारले नाही का ते. भिंतीच्या बाजूला, जिकडे तिचे तोंड असते तिकडे, तुमच्यासाठी स्टूल ठेवले आहे.

आपला भाचा